मगदूमचा पाय

रावसाब मगदूम रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या गुडघ्यात यायचा.

मी तेव्हा खाटेवर असायचो. उजव्या मांडीला पट्टा बांधलेला, पाय उशीवर. आधी मांडीत मुंग्या येत. मग मांस आपोआप आवळायचं, सुटायचं, पुन्हा आवळायचं. म्हणजे तो घरातून निघाला. बराच वेळ एकसारखी चाल, मग सहा वेळा जोर: बांधाच्या सहा पायऱ्या. मग नुसता ताण, हलकासा, एका जागी. म्हणजे तो पेवांवर पोचला आणि उभा राहिला. ज्या माणसानं माझा गुडघा मोडला, त्याचा पाय रोज चार तास माझ्या अंगात राबत होता, आणि गाव म्हणत होतं, मगदूमचं मन केवढं मोठं.

हे कसं झालं ते आधी सांगतो.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर आहे, सांगलीपासून फार लांब नाही. हळद साठवायची पेवं हा आमचा धंदा. पेव म्हणजे जमिनीतली मोठी घागर. तोंड दोन हात रुंद, आत वीस फूट खोल. आत पाचट आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. पुरांनी जुनी पेवं बुडवली तेव्हा लोक शीतगृहांकडे गेले. पण पुढं उन्हाळे वाढले, विजेचे तास ठरवून मिळू लागले, तेव्हा व्यापाऱ्यांना पुन्हा मातीची आठवण झाली. मळ्याच्या वरच्या अंगाला नवी पेवं खणली. उतरायला मात्र जुनीच माणसं लागली, कारण नव्यांना ते काम येत नव्हतं. मी साठीला टेकलो होतो आणि रावसाब माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तीस वर्षं आम्ही एका टोळीत पोती वाहिली.

पेवाच्या कडेला वरच्या दहा फुटांत पाय ठेवायला खोबण्या असतात. पुढं घागरीचं पोट सुटतं, तिथून माणूस नुसता कमरेच्या दोरावर. दोर वर एका माणसाच्या हातात. हवा तपासायला आता हिरव्या दिव्याचं यंत्र आहे, पण दोर माणसाच्याच हातात आहे. त्याचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, तरी सगळ्यांना पाठ आहेत. खाली माणूस असताना दोरवाल्यानं तंबाखू मळायची नाही, फोन घ्यायचा नाही, कुणाकडे बघायचं नाही. आणि खोबणी संपली की वरून हाक आल्याशिवाय खालच्यानं अंग सोडायचं नाही. जो हाकेआधी अंग सोडतो त्याला आम्ही बिनहाक्या म्हणतो. बिनहाक्याचा दोर पुन्हा कुणी धरत नाही. तो मेला तरी आपल्या डोक्यावर नको, असं सगळ्यांना वाटतं.

कार्तिकात एका व्यापाऱ्याला माल दाखवायचा होता. टोळी गाडीपाशी होती. रावसाब मुकादम, त्यानंच माझा दोर धरला. मी खोबण्या संपवल्या, त्यानं हाक दिली, मी अंग सोडलं. चारपाच फूट गेलो असेन. पेवाचं तोंड खालून थाळीएवढं दिसतं. मी वर बघितलं तर त्या उजेडात मला दोन हात दिसले, तळव्याला तळवा लावलेले. व्यापाऱ्याची गाडी आली होती. शेट उतरला आणि मुकादमानं त्याला नमस्कार केला. एका हातानं केला असता तर शेटला उर्मट वाटलं असतं, म्हणून दोन्ही हातांनी केला.

मी तळाच्या दगडावर उजव्या गुडघ्यावर पडलो.

चौकशी झाली. रावसाबनं सांगितलं, "सिद्राम हाकंच्या आधीच सुटला. मला दोर सावरायला येळच मिळाला न्हाई." कॅमेरा होता, पण तो वजनकाट्याकडे तोंड करून. शेटला विचारलं तर तो म्हणाला, "मला रोज पन्नास माणसं नमस्कार करतात, कुणी कधी केला ते कसं सांगू?" म्हणजे तीस वर्षं हाकेवर जगलेला सिद्राम कोरे म्हातारपणी बिनहाक्या ठरला. गुडघ्याची वाटी फुटली होती, आतली दोरखंडं तुटली होती. ते सगळं मिरजेला जोडलं. नावाला जोडणारं कुणी नव्हतं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. तरी पाय उचलेना. मी खाटेवर बसून पायाला सांगायचो, ऊठ. मांडी दगडासारखी गप्प.

डॉक्टर नसीमा मुजावर दर गुरुवारी पडद्यावर येत. त्यांनी मला नीट समजावलं. "अण्णा, तुमचा मेंदू हुकूम देतोय. पण गुडघ्याला इजा झाली, सूज आली, की पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूचं दार लावून घेतो. सांधा वाचवायला. सांधा बरा झाला तरी कधीकधी ते दार उघडत नाही. मग स्नायू वाळतो. तुमचं वय बघता आपल्याकडे तीन महिने आहेत."

"दार उघडायचं कसं?"

"बाहेरून. दुसऱ्याच्या पायानं."

तेव्हा जोडपट्टा नवा निघाला होता. दोन पट्टे असतात, बारीक तारांनी विणलेले. एक निरोगी माणसाच्या मांडीला, एक रोग्याच्या. निरोगी माणूस चालतो तेव्हा त्याच्या स्नायूत जी वीज धावते ती त्याचा पट्टा टिपतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत रोग्याच्या मांडीला पोचवतो. यंत्रानं नुसते ठरीव झटके दिले तर मज्जारज्जू त्यांना ओळखतो आणि दुर्लक्ष करतो. जिवंत माणसाची चाल मात्र रोज थोडी वेगळी असते, तिला तो फसतो. हळूहळू दार किलकिलं होतं.

यात परतीचीही एक वाट आहे. रोग्याचा पाय कुठं अडला तर ते दात्याला कळायला हवं, नाहीतर तो आपला धावत सुटेल आणि इकडे रोग्याचा टाका तुटेल. म्हणून माझ्या पायाची थोडी ओढ उलट त्याच्या पायात जाते. "किती?" मी विचारलं. डॉक्टरीणबाईंना आमच्या हिशोबात सांगता येईना, मग मीच विचारून विचारून काढलं. सोळा आण्यांत दोन आणे.

दाता हाडाच्या मापाचा लागतो, वयाचा लागतो, आणि तितकीच वर्षं तितकंच ओझं वाहिलेला लागतो. टोळीच्या सगळ्यांची मापं दवाखान्यात होती. यंत्रानं एकच नाव काढलं.

रावसाब नाही म्हणू शकत होता. पण नाही म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का? तो चार माणसं घेऊन माझ्या दारात आला आणि मोठ्यांदा म्हणाला, "घे सिद्राम, माझा पाय घे. चूक कुणाची का आसंना, माणूस आपला हाय." सरपंचानं त्याच्या गळ्यात हार घातला. माझी बायको गंगव्वा दारात उभी होती. तिनं हार बघितला आणि आत गेली.

पहिले पंधरा दिवस मी काहीच केलं नाही. माझ्यात ताकदच नव्हती. पण मला त्याचा दिवस पाठ झाला. तो पेवावर किती वेळ उभा, कधी बसला, कधी उगाच फेऱ्या मारतोय, सगळं मला मांडीत कळे. एक गोष्ट मला फार दिवस कळली नव्हती. मधेच गुडघा जरासा वाकायचा, क्षणभर थांबायचा, मग ताठ व्हायचा. बसणं नव्हे, चढणं नव्हे. दिवसातून दहा वेळा, बारा वेळा. मग एका सकाळी लक्षात आलं. तो व्यापाऱ्यांना नमस्कार करत होता. नमस्कार करताना तो गुडघ्यात किंचित वाकतो, ती त्याची जुनी खोड. म्हणजे माझा मोडका गुडघा खाटेवर पडल्यापडल्या रोज त्याच शेटांना वाकत होता.

त्या दिवशी मी जेवलो नाही.

"दुखतंय व्हय?" गंगव्वानं विचारलं.

"न्हाई."

"मग ताट का सरकवलंसा?"

मी तिला सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "बरं व्हा आधी. मग काय करायचं ते करा." मला उठवणं, न्हाणीपर्यंत नेणं, पायाखाली उशी सरकवणं सगळं तिच्याकडे होतं. ती सकाळी हे करून हळदीच्या पॉलिशला जायची आणि संध्याकाळी येऊन पुन्हा हेच. तिची कंबर धरली होती. मला ते दिसत होतं, पण तेव्हा मी दुसरंच काही बघत होतो.

अठराव्या दिवशी नमस्काराची ती वाकण आली आणि मी मांडी आवळली. नुसतं बघावं म्हणून. आणि ती आवळली. दोन महिन्यांनी माझं मांस माझ्या सांगण्यावरून हललं. दुसऱ्या कुणी आनंदानं बायकोला हाक मारली असती. मी श्वास धरून वाट बघत बसलो, की पुढची वाकण कधी येते.

ती आली तेव्हा मी पाय पुढून मागून सगळ्या बळानं ताठ धरला. तिकडे काय झालं ते मला संध्याकाळी कळलं.

"मगदूम आज पडला म्हनं," गंगव्वा भाकरी थापता थापता म्हणाली. "शेटला नमस्कार घालाया गेला आन् तसाच तोंडावर. शेटच्या पोटाला धरून उभा ऱ्हायला. बाया लई हसल्या."

"लागलं काय त्याला?"

"न्हाई."

मी गुडघ्याखालची उशी नीट केली. तिनं थापणं थांबवलं. "हे तुम्ही केलासा?"

"गुडघा माझा न्हाई ऐकत, त्येला मी काय करू."

"माझ्याकडं बगून बोला."

मी तिच्याकडे बघितलं नाही.

मग मला ती चटकच लागली. दोन आणे म्हणजे फार नाही. पण पायरी चढणाऱ्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी त्याचा तोल जातो. मी बांधाच्या चौथ्या पायरीवर त्याला अडवायचो. कधी तिसऱ्या, त्याला अंदाज येऊ नये म्हणून. उभा असताना मधेच ताठ धरायचो, मग तो लोकांशी बोलता बोलता मांडी चोळायचा. टोळीत त्याला लंगड्या मुकादम म्हणू लागले. मला हे कुणी सांगितलं की मी पुन्हा सांगायला लावायचो.

गुरुवारी डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या. त्यांच्यासमोर माझ्या मांडीचे आलेख होते.

"अण्णा, तुम्ही पाय अडवता का?"

"कशापायी?"

"ते मला माहीत नाही. मला एवढं दिसतंय की रोज दहाबारा वेळा पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी आवळतात, एकमेकांशी भांडल्यासारखे. असं झालं की सांध्यावर दाब येतो. सांधा सुजतो. सूज आली की मज्जारज्जू पुन्हा दार लावतो. तुम्ही जितकं उघडता त्यातलं निम्मं स्वतःच बंद करताय." मग त्यांनी विचारलं, "नव्वद दिवसांतले तीस गेले. चालायचंय ना?"

"चालायचंय."

"मग कुणाशी भांडण असेल तर ते तोंडानं करा."

तोंडाचं भांडण तिसऱ्या दिवशी झालंच. रावसाब स्वतः आला. एकटा, पट्टा काढून. गंगव्वा कामावर गेली होती. तो उंबऱ्यावर टेकला, आत आला नाही.

"सिद्राम, बंद कर."

"काय?"

"नाटक कशाला करतोस? मला काय कळत न्हाई? माझा पाय हाय त्यो."

"तूच म्हटलास, माझा पाय घे. घेतला."

तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काय पायजे तुला?"

"टोळीपुढं सांग. तुझे हात त्या येळी कुठं होते ते."

"तुला सांगतो की. आत्ता सांगतो. चुकलं माझं. शेट आला आन् हात आपसूक..." त्यानं हात हलवले, जोडले मात्र नाहीत. "तीस वर्सांची सवय. मी काय मुद्दाम केलं काय?"

"मुद्दाम न्हाई. खोटं मात्र मुद्दाम बोललास."

"मुकादमकी जाईल माझी."

"माझं नाव गेलं."

"नाव काय चाटायचंय? तू तसाबी आता उतरनार न्हाईस पेवात."

हा माणूस माफी मागायला आला नव्हता, भाव करायला आला होता.

"मग मी पट्टा कायमचाच काढून टाकतो," तो म्हणाला.

"काढ. हार बी परत दे जा. लोक इचारतील, का काढला."

तो उठला. जाताना त्यानं वळून विचारलं, "तू बरा झालास तर सोडशील?"

"आधी बरा होऊ दे," मी म्हटलं.

त्या रविवारी गंगव्वानं मला न्हाणीत नेताना मधेच भिंतीला धरलं आणि ती तशीच उभी राहिली. तिला सरळ होता येईना. आम्ही दोघं तिथं, एक पाय नसलेला आणि एक कंबर नसलेली. ती म्हणाली, "तुम्ही त्याला एकदा पाडता तवा मला चार दिस जास्त उचलावं लागतं तुम्हाला. ह्ये डॉक्टरबाई तुम्हाला सांगत्यात, मला बी सांगत्यात. तुमचा राग माझ्या पाठीवर हाय. एवढं ध्यानात ठेवा."

मी ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी अडवणं सोडलं. रावसाबचा पाय यायचा, मी त्याच्याबरोबर चालायचो. आधी खाटेवर, मग काठी घेऊन घरात, मग अंगणात. तो चढला की मी पाटावर पाय ठेवून चढायचो. नमस्काराच्या वाकणीला मी भिंतीकडे तोंड करायचो, म्हणजे कुणाला वाकतोय असं व्हायला नको. सूज उतरली. पन्नासाव्या दिवशी पट्टा बंद असताना पाय वीतभर उचलला. गंगव्वानं ते बघितलं आणि उगाच दोनदा चहा केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता फक्त धीर धरा. ह्या टप्प्याला मोठी ओढाताण झाली तर मात्र मी काही करू शकणार नाही. चाल थोडी त्यांच्यासारखी येईल, ती आयुष्यभर राहील. बाकी तुम्ही काठीशिवाय चालाल."

अडुसष्टाव्या दिवशी टोळीतला धनपाल भेटायला आला. धनपाल आमच्यात सगळ्यांत वयस्कर, कमी बोलणारा. तो माझं चालणं बघून खूश झाला. मग बोलता बोलता म्हणाला, "मगदूम बी लई खूश हाय. चहाच्या गाड्यावर सांगत हुता सगळ्यांना. चूक त्याची, पाय माझा, आसं."

"काय म्हणाला?"

"चूक त्याची, पाय माझा." धनपालला माझ्या चेहऱ्यात काही दिसलं असावं. "जाऊ दे की. चालायला लागलास न्हवं?"

तीन दिवस मी ते वाक्य घेऊन चाललो. पाऊल उचललं की चूक त्याची, टेकलं की पाय माझा. मला कळलं की मी बरा झालो की हे वाक्य खरं होणार. गावात माझं प्रत्येक पाऊल त्याची साक्ष देणार. मी बिनहाक्या तो बिनहाक्याच, वर त्याच्या उपकाराच्या पायानं फिरणारा.

एकाहत्तराव्या दिवशी नव्या हळदीचं पहिलं पेव होतं. आमच्याकडे त्या दिवशी मुकादमानं सगळ्यांआधी उतरून पाचट तपासायचं असतं. मी गंगव्वाला म्हटलं, मला रिक्षात बसवून दे, बघायला जातो.

तिनं माझ्या मांडीकडे बघितलं. "पट्टा काढून जावा."

"डॉक्टरबाईंनी चार तास ठेवायला सांगितलाय."

तिनं मला रिक्षात बसवलं, आणि पुन्हा न बघता घरात गेली.

पेवांजवळच्या चिंचेखाली खुर्ची टाकून मला बसवलं. बारा माणसं होती. रावसाबनं मला बघितलं, आणि त्याचा हात मांडीवरच्या बटणाकडे गेला. धनपाल दोर घेऊन उभा होता, तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की धा मिंटं. सिद्राम हितं बसलाय, त्याचा पाय लुळा पाडतोस व्हय सगळ्यांम्होरं?" एकदोघं हसले. रावसाबनं हात काढला. महिनाभर मी त्याला त्रास दिला नव्हता. त्याला वाटलं असेल, मिटलं.

हिरवा दिवा लागला. तो उतरू लागला. मी खुर्चीवर डोळे मिटून बसलो. मला बघायची गरज नव्हती. उजवा पाय पहिल्या खोबणीत. डावा. उजवा. पाचव्या खोबणीत त्याचा उजवा पाय टेकला, वजन आलं, आणि आता डावा खाली न्यायला गुडघा वाकवायचा, तेव्हा मी दोन्ही हातांनी मांडी धरली आणि होतं नव्हतं ते सगळं बळ लावून पाय लोखंडासारखा ताठ केला.

गुडघा वाकल्याशिवाय खोबणीतून वर येता येत नाही आणि खालीही जाता येत नाही. खोबणी चार बोटं खोल. तिथं दोन आणे म्हणजे पुष्कळ. बटण मांडीवर होतं, पण त्याचे दोन्ही हात कडेला चिकटलेले.

"धनपाल," खालून आवाज आला. "दोर ताण. पाय अडला."

धनपालनं दोर ताणला. मी काठी घेतली आणि ताठ पाय ओढत पेवाच्या तोंडाशी गेलो. गुडघ्यात काहीतरी फाटत असल्यासारखं होत होतं. खाली त्याचं डोकं दिसत होतं, टक्कल आणि त्याच्यावर घाम.

"रावसाब," मी म्हटलं. "त्या दिवशी तुझे हात कुठं होते?"

त्यानं वर बघितलं. पेव आवाज मोठा करतं. पुटपुटलं तरी वर सगळ्यांना ऐकू येतं.

"सोड," तो म्हणाला.

"सांग."

"मी पडीन, सिद्राम."

"दोर धनपालच्या हातात हाय. त्यो कुणाला नमस्कार करत न्हाई."

कुणीतरी म्हणालं, ओढून काढा त्याला वर. धनपालनं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. त्याचे दंड थरथरत होते, साठसत्तर किलोचा माणूस होता दोरावर. त्यानं ओढलं नाही. सोडलंही नाही. तसाच उभा राहिला.

खालून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो बोलला. "शेटची गाडी आली. मी दोर सोडला. दोन्ही हात जोडले." आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलेलं नसताना, "हाक मी दिली हुती. त्यो बिनहाक्या न्हाई."

बारा माणसं ऐकत होती. मी त्यांच्याकडे एकेकाकडे बघितलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. मग मांडी सोडली. त्याचा पाय सुटला, धनपालनं त्याला वर काढलं. मी खुर्चीपर्यंत गेलो नाही. जिथं उभा होतो तिथंच खाली बसलो. गुडघा नारळाएवढा झाला होता.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी जोड तोडली. पडद्यावर त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यांनी फक्त आलेख माझ्याकडे फिरवला. एक रेघ उभीच्या उभी वर गेली होती आणि मग सपाट.

"फक्त एकोणीस दिवस राहिले होते, अण्णा."

"ठाऊक हाय."

"दार आता लागलं. काठी सुटणार नाही." मग म्हणाल्या, "मगदूमांच्या पायानंही तुमचं अडवणं शिकून घेतलंय. वर्षभर तरी तो मधेच ताठ होईल, चालता चालता."

"वर्षभरच?"

त्यांनी पडदा बंद केला.

मुकादमकी धनपालकडे गेली. चौकशीचा कागद बदलला. मला कुणी बिनहाक्या म्हणत नाही. महिन्याभरानं मी धनपालकडे गेलो आणि म्हटलं, "उतरता येत न्हाई मला, पण वर उभं ऱ्हाऊन दोर धरता येतो. काठी झाडाला टेकीन."

धनपाल बराच वेळ तंबाखू मळत राहिला. तेव्हा खाली कुणी नव्हतं.

"तू खरा हुतास," तो म्हणाला. "त्यात काय दुमत न्हाई. पण त्या दिवशी तू मानूस टांगून ठेवलास. आन् मी ठेवू दिला. मी बी आता दोर धरत न्हाई, पोरांकडं दिलाय. तुझ्या हातात तर न्हाईच देनार."

मी वाद घातला नाही. त्याच्या जागी मीही दिला नसता.

रावसाब बाजाराच्या रस्त्याला दिसतो. चालता चालता मधेच त्याचा उजवा पाय थांबतो, आणि तो कुणाला कळू नये म्हणून खिशात काही शोधल्यासारखं करतो. मी ते बघायला थांबतो. घाई नसते मला. मला पश्चात्ताप झाला का, असं डॉक्टरीणबाईंनी मागे एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, गुडघ्याचा झाला, त्याचा नाही.

गंगव्वाची कंबर काही सरळ झाली नाही. ती भिंतीला धरून चालते, मी काठीला. पेवावर काय झालं त्याबद्दल ती आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही.

फक्त एक आहे. माझी चाल आता त्याची झाली आहे. टाच आधी जोरात आपटते, मग पंजा बाहेर. संध्याकाळी मी अंगणात आलो की ती चुलीपाशी पाठमोरी बसलेली असते. काठीचा आवाज तिला ऐकू येत नाही असं नाही. तरी ती मान न वळवता विचारते, "कोण, मगदूम काय?"

"मीच हाय," मी म्हणतो.

"व्हय काय," ती म्हणते आणि भाकरी उलटते.

ती मुद्दाम विचारते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. रोज विचारते. आणि मी रोज सांगतो, मीच हाय.